घोटा मंगळवारीच कसा दुखतो?

चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर पडली आहे. इंग्रजीत, संगणकावर टाइप केलेली, खाली सही. मजकूर असा, की मुलाच्या उजव्या घोट्याला त्रास आहे, म्हणून या सत्रात नृत्याच्या तासाला त्याला बसवून ठेवावं, इतर खेळांना हरकत नाही. मंगळवारी आमच्याकडे नृत्य असतं आणि गुरुवारी फुटबॉल. म्हणजे हा घोटा मंगळवारी दुखतो आणि गुरुवारी बरा होतो. शनिवारी सकाळी त्याच घोट्यावर हा मुलगा क्रिकेटच्या नेटमध्ये बारा पावलांचा रनअप घेऊन चेंडू टाकतो. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्याच मैदानावर माझाही शनिवार जातो.

ही चिठ्ठी मराठी घरातून आली आहे. या सत्रातली ही तिसरी, आणि तिन्ही मराठी घरांतल्याच. नावं सांगणार नाही. पण ज्यांनी त्या लिहिल्या त्यांच्या हातात हा मजकूर पडेल, याची मला खात्री आहे. म्हणून मराठीत लिहिते आहे. शाळेच्या लेटरहेडवर मला शब्द मोजून वापरावे लागतात. इथे स्पष्ट बोलते.

तुम्ही खोटं बोललात. माझ्याशी बोललात म्हणून मला राग नाही, बावीस वर्षं पीईच्या तासाला उभी आहे, खोटी चिठ्ठी मला दुरून ओळखता येते. राग याचा आहे, की ती चिठ्ठी तुम्ही त्याच्याच हातून पाठवलीत. त्याला वाचता येतं. तुमच्यापेक्षा चांगलं इंग्रजी वाचता येतं. त्याने कागद माझ्या हातात दिला तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मग चाळीस मिनिटं तो हॉलच्या भिंतीला लागून ठेवलेल्या लाकडी बाकावर बसला. संगीत सुरू होतं, एकोणतीस मुलं नाचत होती, आणि बाकाखाली त्याचा तो दुखरा घोटा अचूक ताल धरत होता. एक ठोकाही चुकला नाही.

आता नियम ऐका, कारण काहींना वाटतं की नाच म्हणजे ऐच्छिक गंमत. इंग्लंडमध्ये पालकांना मुलाला धर्मशिक्षणातून काढून घेता येतं, सामूहिक प्रार्थनेतून काढून घेता येतं, लैंगिक शिक्षणाबाबतही काही हक्क आहे. शारीरिक शिक्षणातून काढून घेण्याचा असा हक्क नाही. आणि २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिकच्या मुलांनी काय काय करायचं त्या यादीत धावणं, उड्या, चेंडूचे खेळ, जिम्नॅस्टिक्स यांच्या शेजारी नृत्य स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याच पानावर पंचवीस मीटर पोहता आलं पाहिजे असंही लिहिलं आहे. पोहण्यासाठी तुम्ही काय करता? शाळेचं पुरेना म्हणून वेगळी फी भरता, शनिवारी सहा वाजता उठून मुलाला तरणतलावावर सोडता. पोहण्याच्या तासाला कुणाचा घोटा दुखल्याची चिठ्ठी मी आजवर पाहिलेली नाही. एकाच पानावरची एक ओळ तुम्हाला शिक्षण वाटते आणि दुसरी वाटत नाही, तर दोष पानाचा नाही.

फाटकाशी गाठ पडली की कारणं ऐकू येतात. पहिलं, ‘मॅडम, इलेव्हन प्लसची परीक्षा जवळ आली आहे.’ बरं. मुलाला बाकावर बसवून त्या चाळीस मिनिटांत त्याने कोणता गणिताचा पेपर सोडवला? तो भिंतीला टेकून इतरांना बघत होता. या कारणाला याहून जास्त वेळ देण्याची गरज नाही.

दुसरं कारण बाबा लोकांचं. ‘मुलगा आहे हो, त्याला काय नाच शिकवायचा.’ आपल्या गावाकडे गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम कोण खेळतं? तालमीतले मल्ल खेळतात. लेझीम आखाड्यातली आहे, दंड-बैठकांच्या शेजारची आहे, तिची साखळी आणि दांडा हातात घेऊन अर्धा तास खेळून बघा म्हणजे खांद्याला कळेल तो नाच आहे की मेहनत. मी सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. पीटीचे सर लेझमीच्या तासाला मुलगे आणि मुली अशा दोन रांगा करत आणि दोन्ही रांगांना सारखाच घाम काढायला लावत. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या उद्‌घाटनाला सांगलीचे ४०० लेझीमपटू मैदानात उतरले, तेव्हा त्यांच्यात कुणाच्या बापाने घोट्याची चिठ्ठी दिली नव्हती. आमच्या जिल्ह्यात त्या कार्यक्रमाची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. तुमच्यातही सांगली-साताऱ्याचे आहेत. तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरं कारण जरा खालच्या आवाजात सांगितलं जातं. ‘त्यांचा नाच आहे तो. आपला काय संबंध?’ इथे मी थोडी थांबणार आहे, कारण हे अज्ञान आहे, आणि अज्ञान घालवणं माझं काम आहे.

१८९९ सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी या वस्तीतली काही माणसं अंगावर पांढरे कपडे आणि पायाला घुंगरांचे पट्टे बांधून दारोदार नाचत निघाली. हा मॉरिस नाच खरा वसंतातला. पण थंडीने बांधकामं बंद पडली होती आणि हाताला काम नव्हतं, म्हणून चार पैसे मिळावेत यासाठी ते अवेळी बाहेर पडले. त्यांच्यात कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किंबर होता, सत्तावीस वर्षांचा गवंडी. एका घराच्या खिडकीतून सेसिल शार्प नावाच्या संगीतशिक्षकाने त्यांना पाहिलं, दुसऱ्या दिवशी किंबरला बोलावून चाली उतरवून घेतल्या. इंग्लंडच्या शाळांमध्ये आज जे लोकनृत्य शिकवलं जातं त्याची पुष्कळशी मुळं त्या एका सकाळपर्यंत जातात. म्हणजे हा लॉर्डांचा आणि राजवाड्यांचा नाच नाही. हिवाळ्यात काम गेलेल्या गवंड्याचा नाच आहे. तुमच्या आजोबांच्या गावात होळीला डफ घेऊन दारोदार फिरणारी माणसं आठवतात का? तसाच.

पुढची गोष्ट मला याहूनही जास्त आवडते आणि मी ती दर वर्षी मुलांना सांगते. लंडनमध्ये मेरी नील नावाची एक बाई शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींसाठी एस्पेरान्स क्लब चालवत असे. १९०५ साली ती शार्पकडे गेली आणि मुलींना शिकवण्यासाठी काही मागितलं. शार्पकडे गाणी होती आणि किंबरचं नाव होतं. किंबर लंडनला आला. दिवसभर सुई चालवून बोटं दुखावलेल्या त्या मुली संध्याकाळी गवंड्याकडून मॉरिस नाच शिकल्या, आणि थोड्याच काळात त्याच मुली निरनिराळ्या परगण्यांत जाऊन लोकांना शिकवू लागल्या. शिकलेल्या, सवरलेल्या, पदवीधर लोकांना शिवणकाम करणाऱ्या मुलींनी त्यांच्याच देशाचा नाच शिकवला! पुढे नील आणि शार्प यांचं बिनसलं. शार्पचं म्हणणं, पाऊल जसं परंपरेत आहे तसंच पडलं पाहिजे. नीलचं म्हणणं, आधी आनंद. दोघंही आयुष्यभर आपापल्या जागी ठाम राहिली. वर्गात उभं राहिलं की मला दोघांचीही गरज पडते. पाऊल चुकलेलं मी चालू देत नाही. पण तोंड पाडून बरोबर टाकलेलं पाऊलही मी परत टाकायला लावते.

आणि हे सगळं शाळेच्या व्यायामात का आलं? बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेल्या तरुणांची शरीरं पाहून सरकार हादरलं. १९०४ साली एका सरकारी समितीने देशाच्या खालावलेल्या शरीरप्रकृतीवर अहवाल दिला. शाळांमध्ये स्वीडिश पद्धतीची कवायत होतीच, आणि १९०९ साली सरकारी व्यायाम अभ्यासक्रमात लोकनृत्यालाही जागा मिळाली. कवायतीच्या शेजारी. शरीर सुधारण्यासाठी. गॅदरिंगसाठी नव्हे, पाहुण्यांना दाखवण्यासाठी नव्हे. शंभराहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला, आणि तुम्ही मला विचारता की नाचाचा पीईशी काय संबंध.

स्कॉटलंडमध्ये तर हा प्रश्न कुणी विचारणारही नाही. मी या देशात आले तेव्हा पहिली तीन वर्षं ग्लासगोत काढली. तिथे डिसेंबर आला की पीईचे तास ‘सोशल डान्सिंग’चे होतात. गे गॉर्डन्स, डॅशिंग व्हाइट सार्जंट, स्ट्रिप द विलो. फुटबॉलशिवाय काही न कळणारे दांडगे मुलगेसुद्धा हे नाच शिकूनच शाळेबाहेर पडतात, आणि पुढे तीस वर्षांनी कुणाच्या लग्नात बँडने सूर लावला की आजी, नातू, नवरी, शेजारी सगळे एका रांगेत उभे राहतात. हे आपोआप घडलेलं नाही. १९२३ साली ग्लासगोत स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी स्थापन झाली. तिच्या दोन संस्थापिकांपैकी जीन मिलिगन ही व्यायामशिक्षिका होती, जॉर्डनहिल कॉलेजात व्यायामाचे शिक्षक तयार करत असे. पाय कसा पडावा, टाच कुठे यावी, मान कशी असावी, यात तिने तसूभर सूट दिली नाही. तिचा जन्म १८८६ चा आणि मृत्यू १९७८ चा. एका व्यायामशिक्षिकेने मनावर घेतलं म्हणून एका देशाला आपला नाच पाठ आहे. आपल्या लग्नांत काय होतं ते मी पाहते. डीजे गाणं लावतो, चार जण मध्ये उड्या मारतात, बाकीचे फोन वर धरून उभे असतात.

आता चौथं कारण. ते कुणी उघड सांगत नाही, पण खरं तेच आहे. हात.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ‘हात धरा’ म्हटलं की काय होतं हे तुम्ही कधी पाहिलं नाही, मी दर आठवड्याला पाहते. स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या जातात. बोटं बाहीच्या आत जातात आणि रिकामी लोकर पुढे येते. दोन बाह्या एकमेकींना धरतात, आत हात नाहीच. असं धरून स्ट्रिप द विलो नाचता येत नाही. त्या नाचात पहिल्या जोडीने कोपरात कोपर अडकवून सोळा मात्रा गिरकी घ्यायची, मग मुलीने समोरच्या रांगेतल्या प्रत्येक मुलाशी डाव्या हाताने एक फेरा आणि मध्ये परत आपल्या जोडीदाराशी उजव्या हाताने एक फेरा, असं करत रांगेच्या टोकापर्यंत जायचं. प्रत्येक फेऱ्यात दोघांनी आपलं वजन थोडं मागे टाकून एकमेकांना तोलायचं असतं. एकाने हात सैल सोडला तर दुसरा भिंतीवर जातो. एकाने जास्त ओढलं तर दुसऱ्याचा खांदा दुखतो. समोरच्याचं वजन किती आहे आणि आपण किती द्यायचं, हे डोक्याने कळत नाही, दंडाला कळतं. बाही धरून ते कळण्याचा मार्गच नाही.

आयांनो, तुम्हाला हे मी समजावून सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं. श्रावणात मंगळागौरीला तुम्ही फुगडी घालता. हात कैचीत धरता, पायांची बोटं एकमेकींच्या बोटांजवळ आणता, अंग मागे झोकता आणि फिरता. समोरची सैल पडली तर दोघी पडता. स्ट्रिप द विलोची गिरकी आणि फुगडी यांचं शास्त्र एकच आहे. तुमच्या आजीने ते तुमच्या हातात दिलं. तुम्ही मात्र मुलीसाठी चिठ्ठी लिहून दिलीत की ती मोठी झाली आहे, तिला मुलांचे हात धरायला लावू नये.

यावर माझं म्हणणं सरळ आहे. तुम्हाला अडचण असेल तर चिठ्ठी न लिहिता मला येऊन भेटा. मुली-मुलींच्या जोड्या मी नेहमीच लावते, रांगा बिब्जच्या रंगावरून ठरतात, मुलगा-मुलगी यावरून नाही. मॉरिसमध्ये दोघांच्या मध्ये रुमाल किंवा काठी असते. मेपोलला फीत असते. हाताला हात न लागता नाचायचे कितीतरी प्रकार आहेत. खरी दुखापत असेल तर त्या मुलाला मी ताल मोजायला उभं करते, तेही काम आहे. पण लाज वाटते म्हणून मुलीला बाकावर बसवाल, तर तिला एवढंच समजेल की तिचा हात ही लपवायची वस्तू आहे. हे तिला मी शिकवणार नाही, आणि तुम्हीही शिकवू नका.

मेपोलचा विषय निघालाच आहे. आमच्या शाळेत जूनच्या मेळ्यात इयर फोरची मुलं पटांगणात खांब उभा करून त्याला रंगीत फिती बांधतात आणि नाचत नाचत फिती विणतात, मग उलटी पावलं टाकून तो गोफ सोडवतात. गोफ! शब्द मी मुद्दाम वापरते आहे. गोव्यात काणकोणकडे शिगम्याला वरून टांगलेल्या रंगीत दोऱ्या धरून गोफ विणतात आणि सोडतात, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तो पाहिला आहे. या फितींचा मेपोल इंग्लंडच्या शाळांत पसरला तो १८८१ सालानंतर, जॉन रस्किनने लंडनच्या व्हाइटलँड्स कॉलेजात मे महिन्याचा उत्सव सुरू केला आणि तिथे शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिका तो आपापल्या शाळेत घेऊन गेल्या. विणताना एका मुलाचं आत-बाहेर चुकलं की दोन फेऱ्यांत सगळ्या फितींचा गुंता होतो, आणि तो गुंता कुठे झाला हे खांबाकडे बघून सगळ्यांना दिसतं. कुणी कुणाला दोष देत बसत नाही. सगळी उलट चालतात, त्या जागेपर्यंत येतात आणि परत विणायला लागतात. मी गणिताची शिक्षिका नाही, पण चूक शोधून मागे जाण्याचा याहून चांगला धडा मला कोणत्याही पुस्तकात सापडलेला नाही. आणि तुम्ही म्हणता आपला काय संबंध.

लाइन डान्सबद्दल वेगळं सांगते, कारण त्यात हात धरायचा प्रश्नच येत नाही, तरी तुम्ही नाक मुरडता. अमेरिकन टोप्यांचा उथळ प्रकार, असं एका वडिलांनी मला सांगितलं. १९९०च्या दशकात या देशातल्या गल्लोगल्लीच्या हॉलमध्ये लाइन डान्सचे वर्ग भरत, हे खरं आहे. म्हणून तो उथळ ठरत नाही. नीट बघा. मुलं ओळींत उभी राहतात, बत्तीस मात्रांची पावलं पाठ करतात. ग्रेपव्हाइन म्हणजे बाजूला पाऊल, मागून पाऊल, बाजूला, टाळी. शेवटच्या मात्रेला सगळ्यांनी पाव वळण घ्यायचं आणि तीच पावलं नव्या भिंतीकडे तोंड करून पुन्हा सुरू करायची. पहिल्या फेरीत मागच्या ओळीतली मुलं आरामात असतात, पुढच्याचं बघून पाय हलवतात. दोनदा वळलं की मागची ओळ पुढे येते. आता त्यांच्यासमोर कुणी नाही, फक्त हॉलची भिंत. त्या क्षणी मी मुलांचे चेहरे बघते. ज्याने खरंच शिकून घेतलं आहे तो चालत राहतो. जो नक्कल करत होता तो थांबतो आणि मागे वळून बघतो. मी त्याला रागावत नाही, पण पुढच्या वेळी तो बघायचा थांबतो आणि मोजायला लागतो. फुटबॉलमध्ये चेंडू आपल्याकडे आला नाही तर चाळीस मिनिटं कुंपणाजवळ उभं राहून काढता येतात, आणि पुष्कळ मुलं तसंच करतात. रांगेत लपायला जागा नाही.

इथे माझ्या पेशातल्या लोकांनाही सुनावते, म्हणजे मी एकाच बाजूला बोलते असं होणार नाही. पाऊस आला, मैदान भिजलं, म्हणून ‘चला, आज नाच’ असं म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा, मुलांना तो बघून उड्या मारायला सांगायचं आणि कोपऱ्यात बसून वह्या तपासायच्या. हे शिकवणं नाही. पोहणं पडद्यावर दाखवून शिकवतो का आपण? ज्याला पावलं येत नाहीत त्याने आधी शिकून घ्यावीत. मी पस्तिसाव्या वर्षी ग्लासगोच्या एका चर्च हॉलमध्ये निवृत्त पोस्टमनकडून शिकले. तुम्हीही शिकाल.

आता माझं शेवटचं भांडण, आणि ते सर्वांत मोठं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी भारतातून तीस लेझमी आणल्या. लाकडी दांडा, साखळी, पत्र्याच्या चकत्या. बॅगेचं वजन भरलं म्हणून माझे स्वतःचे कपडे मागे ठेवले. इयर फाइव्हला सहा आठवडे शिकवल्या. ‘चार आवाज’ हे त्यातल्या प्रकाराचं नाव मी भाषांतर न करता तसंच ठेवलं. सोमाली मुलगी, पोलिश मुलगा, गुजराती जुळे, दोन पिढ्या याच उपनगरात राहिलेली इंग्रज मुलं, सगळी ‘चार आवाज’ म्हणायला शिकली. लेझमीत उशीर लपत नाही. तिसांपैकी एक साखळी मागाहून वाजली तर हॉलभर ऐकू जाते. चौथ्या आठवड्यात तीस साखळ्यांचा एकच आवाज आला तेव्हा कुणी ओरडलं नाही, मुलं एकमेकांकडे बघत गप्प उभी राहिली. त्या वर्गातला एकच मुलगा त्या दिवशी बाकावर होता. तो मराठी होता. घरून चिठ्ठी होती.

त्याच वर्षी गणपतीत एका हॉलमध्ये जमलेल्या पालकांना मी विचारलं, शाळेत असताना लेझीम कुणी खेळली आहे? जवळजवळ सगळे हात वर. सव्वीस जानेवारीच्या संचलनाच्या आठवणी निघाल्या, कुणी सरांची नक्कल केली, हॉल हसला. मग विचारलं, आपल्या मुलांना कुणी शिकवली आहे? एकही हात नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. एवढ्या वर्षांत या देशात आपली माणसं रुजली, डॉक्टर झाली, घरं घेतली. आणि चाळीस वर्षांच्या माणसाच्या खांद्यात जी लेझीम अजून जिवंत आहे ती त्याच्या दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यात नाही. आडातच नसतं तर पोहऱ्यात नाही म्हणून मी कुणाला बोलले नसते. पण आडात आहे! तुम्ही पोहरा सोडत नाही, एवढंच.

वर्षातून एकदा मुलांना फेटे बांधून स्टेजवर चढवणं म्हणजे शिकवणं नव्हे. दहा मिनिटांच्या त्या कार्यक्रमासाठी निवडक आठ मुलं घेता, उरलेली खुर्च्यांवर. बॉलिवूडच्या वर्गाला तासाची फी मोजता, कारण तिथे शेवटी व्हिडिओ मिळतो. माझ्या तासाला व्हिडिओ मिळत नाही, फी नाही, निवड नाही. ज्याचं पाऊल जड आहे तोही रांगेत असतो, आणि रांग त्याच्यासाठी थांबते. तुम्हाला हे फुकट मिळतं आहे म्हणून तुम्ही ते फेकून देता आहात.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. वर्गात तीस मुलं आहेत. जोडीच्या नाचाला पंधरा जोड्या लागतात. तुमचा मुलगा बाकावर बसतो तेव्हा एकोणतीस उरतात आणि एक मुलगी एकटी राहते. गेले तीन मंगळवार तीच एकटी राहिली, कारण ती नवीन आहे आणि तिला अजून कुणी ओळखत नाही. तिन्ही वेळा मी तिची जोडीदार झाले. तिने एकदाही तक्रार केली नाही, पण तिसऱ्या मंगळवारी तिने मला हळूच विचारलं, ‘मिस, त्याचा पाय कधी बरा होणार?’ मी तिला उत्तर दिलं नाही. ते तुम्ही द्यायचं आहे.

हाफ टर्मनंतरच्या मंगळवारी, सव्वा अकरा वाजता, स्ट्रिप द विलो पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार आहे. सपाट तळाचे बूट आणि अर्ध्या बाहीचा टीशर्ट द्या. त्याची जागा डाव्या रांगेत तिसरी आहे. चिठ्ठी पाठवू नका.